लेबलावरचं बाळ

"माझं तोंड वाकडं चिकटवू नका, गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं, मग बाटलीकडे," असं तो एकदा लेबल खात्यातल्या नव्या माणसांना म्हणाला होता. म्हणाला होता अगदी गंभीरपणे, पण खात्यात त्याची थट्टा व्हायची ती झालीच. पुढे कुणाच्या हातून लेबल तिरपं गेलं की शेजारचा म्हणायचा, "जपून रे, बाळाची मान लचकेल."

बाळ म्हणजे तोच. केस पिकायला लागले होते, पोट सुटलं होतं, वाचायला चष्मा लागत होता, तरी कारखान्यात दरवानापासून मालकांपर्यंत सगळ्यांचा तो बाळ. 'झुळूक'च्या प्रत्येक बाटलीवर निळ्या गोलात दोन्ही हातांनी बाटली कवटाळून हसणारं एक मूल होतं. ते मूल मोठं होऊन त्याच कारखान्यात स्वतःचं चित्र बाटल्यांना चिकटवत होतं, ही गोष्ट पाहुण्यांना सांगायला मालकांना फार आवडायची.

'झुळूक' आता मिळत नाही. ज्यांनी ती प्यायली त्यांना रंग आठवतो, दिव्यासमोर धरली तर निखाऱ्यासारखा दिसणारा. चव मात्र कुणाला धड सांगता येत नाही. एक म्हणतो संत्र्याची, दुसरा म्हणतो छे, शेवटी आल्याचा झटका होता. तिची सुरुवात झाली पत्र्याच्या एका शेडमध्ये. थोरले मालक स्वतः पाक ढवळायचे, आणि बाटल्या धुणाऱ्या दोन-तीन माणसांत बाळचे वडील. एक दिवस आई डबा द्यायला आली, कडेवर मूल. मालकांनी गंमत म्हणून मुलाच्या हातात बाटली दिली. ते हसलं, डाव्या गालाला खोल खळी पडली, आणि मालक म्हणाले, "कुणी हलू नका. फोटोवाल्याला बोलवा." बाळने ही गोष्ट वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती, की त्या बाटलीचा गारवा आपल्या तळहातांना आठवतो, असं त्याला खरोखर वाटायचं.

मग 'झुळूक' चढत गेली. शेडचा कारखाना झाला, हातगाडीची गाडी झाली, एका गाडीच्या अनेक झाल्या. बसथांब्यावर, दुकानांच्या पाट्यांवर, खेळाच्या मैदानाच्या कुंपणावर ते मूल हसायला लागलं. शाळेत बाळला पोरं 'बाटली' म्हणायची. वर्गात तो सगळ्यांत बुटका होता. लहानपणी मोठं दुखणं झालं आणि वाढ खुंटली, असं घरी सांगत. पहिल्या बाकावर बसून तो शाळेसमोरच्या भिंतीवरच्या स्वतःकडे बघायचा. भिंतीवरचं मूल त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, आणि त्याला कसलीच काळजी नव्हती.

थोरल्या मालकांनी एक रिवाज पाडला होता. दर महिन्याला भरलेल्या बाटल्यांचा एक क्रेट बाळच्या घरी जायचा. बाळाचा क्रेट. वडील गेले, थोरले मालक गेले, तरी तो येत राहिला. आई मात्र तो क्रेट कधी उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. दारातूनच शेजारीपाजारी वाटून टाकायची. लहानपणी बाळने हट्ट केला तर म्हणायची, "तुझा घसा धरतो." मोठेपणी विचारलं तर म्हणायची, "मला तो वास नको घरात." त्यामुळे ज्याच्या चेहऱ्यावर 'झुळूक' विकली जायची, त्याने ती पहिल्यांदा चाखली ती कारखान्यात लागल्यावर, गोदामाच्या मागे, चोरून बिडी ओढावी तशी. एका दमात संपवली आणि थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. काहीतरी आठवेल असं वाटलं होतं. नुसता ढेकर आला.

बायकोचं वेगळंच. तिच्या घरी स्थळ आलं तेव्हा तिने दुकानातून एक बाटली आणून मुलगा आधीच बघून घेतला होता. "मी खळी बघून हो म्हटलं," ती चारचौघांत सांगायची, "आणि संसाराला लागल्यावर कळलं, खळी बाटलीतच राहिली." तो ओशाळून हसायचा. खळ्या वयाबरोबर भरून येतात, असं त्याचं म्हणणं. आईही तिथे असली तर उठून आत जायची.

काम तो जीव ओतून करायचा. लेबलं चिकटवायच्या मशीनवर डिंकाचा रूळ फिरायचा, त्याखालून बाटल्या यायच्या, आणि बाटलीला जरा घाम असेल तर लेबल सरकायचं. सरकलेलं लेबल तो अंगठ्याने सरळ करायचा. मशीनने हजार वेळा बरोबर चिकटवलं तरी हजार-एकाव्या वेळी आपण बघितलं नाही तर काहीतरी बिघडेल, अशी त्याला सतत धाकधूक. घरी जेवतानाही पाण्याच्या तांब्याकडे बघून त्याचा अंगठा हलायचा. बायको म्हणायची, "अहो, तांब्यावर तुमचं तोंड नाहीये."

बातमी आणली गाडीच्या ड्रायव्हरने. माल पोचवून आला, रिकाम्या बाटल्या उतरवल्या, आणि लेबल खात्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाळ्या, वाईट बातमी आहे. तू मेलास."

"कधी?"

"लहानपणीच. नदीपलीकडच्या दुकानांत बोलतायत. लेबलावरचं पोरगं झुळूक पिऊन मेलं आणि मालकांनी दाबून टाकलं, म्हणे."

सगळं खातं हसलं. कुणीतरी त्याच्यासमोर हात जोडले. कुणी विचारलं, मेलेल्या माणसाचा पगार कोण घेतं. बाळही हसला, पण त्या दिवशी त्याच्या हातून चार लेबलं लागोपाठ तिरपी गेली.

अफवेचं असं असतं की ती चालत येते तेव्हा दिसते, आणि घरात शिरली की दिसत नाही. पुढच्या काही आठवड्यांत गाड्या भरलेल्या गेल्या तशा भरलेल्या परत यायला लागल्या. दुकानदार म्हणत, बाया पोरांना घेऊ देत नाहीत. त्यातच मोठ्या कंपन्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या होत्या. त्या हलक्या होत्या, परत करायची कटकट नव्हती, आणि त्यांच्यावर कुणाचंच पोर नव्हतं. परत आलेला माल धुण्याच्या टाकीपाशी ओतून टाकायचं काम सुरू झालं. कारखान्याच्या गटारातून दिवसभर लाल पाणी वाहायचं, त्यावर फेस. बाळ जाता-येता ते बघायचा आणि पाऊल उचलून पलीकडे टाकायचा, जणू कुणाला तुडवायचं नव्हतं.

थोरल्या मालकांच्या जागी आता त्यांचा मुलगा होता, धाकटे मालक. त्यांनी बाळला बोलावलं. ते त्याच्यापेक्षा लहान, तेव्हा म्हणायचे बाळकाका. हे नाव ऐकून नवे लोक चक्रावायचे.

"बाळकाका, सोपा उपाय आहे. तुम्ही जिवंत आहात."

"हो, आहे."

"मग तेच लोकांना दाखवू. तुम्ही गाडीबरोबर जायचं. दुकानात उतरायचं, हा मीच म्हणायचं, एक बाटली त्यांच्यासमोर प्यायची. बास."

तो गेला. पहिल्या दुकानात दुकानदाराने बाटली वर धरली, तिच्याकडे बघितलं, मग याच्याकडे. "हे? हे बाळ?" म्हणाला आणि मुलाला हाक मारून म्हणाला, "ये रे, बाळ बघायला ये." दुसऱ्या दुकानात बाळ इतका घाईघाईने प्यायला की ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. बघणारे दोन पावलं मागे सरकले. ड्रायव्हर गाडीत बसल्यावर म्हणाला, "तुला जिवंत दाखवायला आणलंय. तू त्यांच्यासमोर मरायला काय लागलास?"

एका दुकानात एक बाई होती, तिच्या बोटाला धरून एक लहान मूल. तिने बाळकडे नीट बघितलं. तिच्या बघण्यात थट्टा नव्हती. हळू आवाजात तिने विचारलं, "तुम्ही त्याचे वडील का?"

"नाही. मीच तो."

तिला ते पटलं नाही, हे त्याला दिसलं. तिने मुलाला जरा मागे ओढलं आणि फक्त साबण घेऊन गेली. जाताना मान हलवली, जसं दुःख झालेल्या घरातून निघताना हलवतात. त्या मान हलवण्याने बाळचा दिवसभर पिच्छा सोडला नाही.

शेवटच्या दुकानातला माणूस हिशेबी डोक्याचा होता. "उद्या कुणालाही गाडीत घालून आणाल," तो म्हणाला. "लहानपणचा दुसरा एखादा फोटो दाखवा. त्या फोटोतलं पोर आणि हे पोर एकच दिसलं, की मी माल ठेवतो."

धाकट्या मालकांना हे एकदम पटलं. महिनाअखेरीला ते सगळ्या मोठ्या दुकानदारांना कारखान्यात बोलावणार होते. "काका, घरी एखादा फोटो असेलच ना, लेबलावरचा सोडून? तोही मोठा करून लावू. त्या दिवशी माल उचलला गेला तर आपण तरलो. नाहीतर कुलूप लावायचं. मग तुमच्यासकट सगळे घरी."

घरी बाळने आईला विचारलं. आई म्हणाली, फोटो होते, वाळवीने खाल्ले. दोन दिवसांनी परत विचारलं तर म्हणाली, घर बदलताना गेले. तिसऱ्यांदा तिने ऐकूच आलं नाही असं केलं. तिला चांगलं ऐकू यायचं. शेजारच्या घरात चमचा पडला तर ती सांगायची कुठला पडला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती खिडकीपाशी बसून चादरीला ठिगळ लावत होती. बायको बाहेर गेली होती. बाळ तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आई, परवा म्हणालीस वाळवीने खाल्ले. मग म्हणालीस घर बदलताना गेले."

"दोन्ही झालं असेल."

"त्या फोटोवाल्याने एकच काढला होता का?"

"दोन."

"मग दुसरा कुठे आहे?"

आईने दोरा दातांनी तोडला. तोडलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "दुसरा त्याच्याबरोबर दिला."

"कुणाबरोबर?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर समोरची भिंत होती, बाकी काही नव्हतं.

"तो तू नाहीस रे," ती म्हणाली. "तो थोरला. तुझ्या आधीचा."

बाळला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, आईचं वय झालं, गोंधळ होतोय. पण तिचा आवाज स्वच्छ होता. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट माणूस मनात सारखी सांगत असतो, त्यामुळे ती अडखळत नाही. फोटो काढला त्यानंतर ती बाळंतपणाला माहेरी गेली, थोरल्याला घेऊन; तिला दिवस गेलेत हे शेडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. गाड्यांवर त्याचं चित्र लागलं त्याच उन्हाळ्यात त्याला ताप आला आणि तो तिथेच गेला. मग हा झाला. ती माहेरीच राहिली, हा चालायला लागेपर्यंत. परत आली तेव्हा थोरले मालक समोर आले आणि म्हणाले, अरे, बाळ अजून एवढंसंच? वडील म्हणाले, आजारी होता साहेब, वाढ खुंटली.

"बाबा असं का म्हणाले?"

"तोंडातून निघून गेलं."

"नंतर तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर ते चित्र काढलं असतं. गेलेल्या पोराचं चित्र कोण ठेवतं दुकानात?" ती थांबली. "तुझे बाबा रोज कामावर जायचे ते त्याला बघायला. मी मात्र बाहेर पडले की मान खाली घालून चालायचे."

वर्गातला पहिला बाक, आजवर सगळीकडे सांगितलेलं वय, बायकोने दुकानातून आणलेली बाटली, सगळं एकेक करून बाळसमोर आलं आणि जरा तिरपं होऊन उभं राहिलं. मग त्याला ते विचारावंच लागलं.

"तो प्यायचा का?"

"बाबा रोज आणायचे. दुधाला तोंड लावायचा नाही. त्याला तेच हवं असायचं. माहेरी जाताना मी बरोबर घेऊन गेले होते, रडेल म्हणून."

"त्याने झालं?"

"डॉक्टर ताप म्हणाले."

"पण तुला काय वाटतं?"

"ताप म्हणाले," आई परत म्हणाली. मग तिने सुईत दोरा ओवायला घेतला. दोऱ्याचं टोक सुईच्या भोकात जाईना. बाळने सुई तिच्या हातातून घेतली आणि दोरा ओवून दिला.

बायकोला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती भांडी पुसत होती, हात थांबले. म्हणाली, "म्हणून आई क्रेट आत येऊ देत नाहीत." मग फडकं खाली ठेवून, "अहो, पण तुम्ही जिवंत आहात ना?"

"आहे."

"मग तेवढंच सांगा. लोक विचारतायत पोर मेलं का, तर तुम्ही समोर उभे आहात. यात कुणाचं काय वाकडं होतंय? कारखाना बंद पडला तर आपण कुठे जायचं, तेवढं बघा."

तिचं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. खात्यात मान खाली घालून काम करणारी माणसं आता त्याच्याकडे वर बघायला लागली होती. एकाने विचारलं, "बाळ, नीट बोलशील ना रे?" दुसरा म्हणाला, "बोलेल की. जन्मभर तोंडावरच तर खाल्लंय." थट्टाच होती ती, पण कुणी हसलं नाही.

डिंकाच्या रुळाखालून बाटल्या येत होत्या. पूर्वी तो लेबलाच्या कडा बघायचा. आता चेहरा दिसायचा. थोरला. त्याच्यापेक्षा थोरला आणि इतका लहान. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी ओलं चमकत होतं. इतकी वर्षं त्याने ती छपाईतली चूक समजली होती. नदीपलीकडे कुणीतरी नुसती थाप मारली होती, आणि ती थाप जाऊन बरोबर खऱ्याला चिकटली होती. निदान अर्ध्या खऱ्याला. उरलेल्या अर्ध्याचं काय, ते आईलाही माहीत नव्हतं. दुकानात मुलाला मागे ओढणारी ती बाई त्याला आठवायची. आपण तिला काय सांगितलं? मीच तो. ती परत भेटली तर काय सांगणार? डॉक्टर ताप म्हणाले?

दुकानदार आले त्या दिवशी कारखान्याचं अंगण धुऊन काढलं होतं. गटारावर फळ्या टाकल्या होत्या. गोदामात खुर्च्या मांडल्या, समोर लांब टेबल, आणि मागच्या भिंतीवर कापडावर छापलेलं ते निळं वर्तुळ, छपरापर्यंत. त्याखाली बाळ उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट बायकोने सकाळी स्वतःच्या हाताने घातला होता त्याला, लहान मुलाला घालावा तसा, बटणं लावून.

धाकटे मालक छान बोलले. वडिलांची शेड, हाताने ढवळलेला पाक, सगळं आलं. "फोटोचं म्हणाल तर दुसरा फोटो मिळाला नाही," ते म्हणाले, "पण फोटो कशाला, माणूसच समोर आहे. काका, तुम्हीच सांगा."

टेबलावर एक बाटली उघडून ठेवली होती. बाळने ती उचलली. काच गार होती. तळातून बुडबुडे वर येत होते, एकेक, घाई नसल्यासारखे. खुर्च्यांमध्ये कुणीतरी खोकलं. दाराशी लेबल खात्यातली माणसं दाटीवाटीने उभी होती, त्यांच्यात ड्रायव्हर. त्याने बाळला डोळ्यांनीच खूण केली, बोल.

पुढच्या रांगेत फोटो मागणारा तो हिशेबी दुकानदार बसला होता. आता तोही खुशीत होता. सगळ्यांना कुठेतरी हे मिटायला हवं होतं. "अहो, बोलता येत नसेल तर राहू द्या," तो म्हणाला. "नुसतं हसून दाखवा. खळी दिसली की मी माझी गाडी भरून नेतो."

सगळे हसले. धाकटे मालकही हसले आणि आशेने त्याच्या गालाकडे बघायला लागले. सगळेच त्याच्या गालाकडे बघत होते.

बाळने मान वळवून वर बघितलं. इतक्या जवळून, इतकं मोठं त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले होते, निळे, लाल, पिवळे, आणि त्यांत कुठेही कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. फक्त खळीच्या जागी एक काळी सावली होती, मुठीएवढी.

"हा मीच" हे दोन शब्द तोंडाशी येऊन उभे होते. ते उच्चारले की सगळं पूर्ववत होणार होतं. गाड्या भरणार होत्या, रूळ फिरणार होता, बायको शर्टाची बटणं काढताना बरं झालं म्हणणार होती, आणि तो थोरला कधी झालाच नव्हता, असं होणार होतं. मग ती बाई दुकानात येऊन मुलाच्या हातात बाटली देणार होती.

त्याने हातातल्या बाटलीकडे बघितलं. लेबल सकाळचं होतं, डिंक अजून ओला होता, आणि बाटलीच्या घामाने ते एका बाजूला सरकलं होतं. त्याने ते अंगठ्याने हळूच सरळ केलं. कडा दाबल्या. बाटली टेबलावर ठेवली, लेबलावरचा चेहरा लोकांकडे करून. एक थेंबही न पिता.

"काका?" धाकटे मालक म्हणाले.

खुर्च्यांच्या मधून वाट होती. तो त्या वाटेने निघाला. दारातली माणसं आधी नुसती बघत राहिली, मग बाजूला झाली. ड्रायव्हरने त्याच्या दंडाला हात लावला आणि सोडला. बाहेर धुतलेलं अंगण अजून ओलं होतं. गटारावरच्या फळीवर पाय न ठेवता बाळ ते ओलांडून फाटकाबाहेर गेला.